उत्तर ‘हो’ धरावं

जिल्ह्याचा तुरुंग, कोल्हापूर
१२ मार्च २०२४

शशिधर,

महिन्याभरापूर्वी तुला शशिदा म्हणत होतो. आता नुसतं नाव लिहितोय.

उद्या इथनं एक जण जामिनावर सुटतोय, त्याच्या हातनं हे पत्र पाठवतो. साहेबांनी वाचलं असतं तर ते गेटाबाहेर पडलं नसतं.

तू जगलास असं वकिलानं सांगितलं. उजव्या हाताची चार बोटं मोडली, डावा डोळा गेला. मला वाईट वाटलं न्हाय. मी तुला जिता सोडायला आलोच नव्हतो. शिरोली फाट्यावर चहाच्या गाड्यापाशी तू पाठमोरा उभा होतास. पहिली सळई खांद्यावर बसली. तू वळून ‘राजू’ म्हणालास, तशी दुसरी तोंडावर घातली. खाली पडलास तेव्हा तुझा उजवा हात बुटाखाली धरून मी बोटं फोडली, कारण त्याच बोटांनी तू कम्प्युटरात ती ओळ लिहिलीस. चौघांनी मला मागनं धरलं म्हणून डोक्यावरचा घाव राहिला.

सहा फेब्रुवारीला तू रजेवर होतास. काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलं न्हाईस, मी बघितलंय. फाउंड्रीत दुसरी शिफ्ट नुकती लागलेली, सव्वातीन वाजलेले. मोल्डिंगच्या प्रेसमध्ये वाळू घट्ट बसली होती आणि माझा भाऊ कमरेपर्यंत आत वाकून ती खरवडत होता. कुणी बटण दाबलं न्हाय. प्रेस आपोआप खाली आला. मी मेंटेनन्सला होतो, आवाज ऐकून सगळ्यांच्या आधी मीच पोचलो. जोतीरामचे पाय बाहेर होते आणि ते हलत होते. प्रेस उचलायला सात मिनिटं लागली. पाय त्याच्या आधीच थांबले. बाहेर काढला तेव्हा छातीच्या जागी छाती नव्हती. आईला तोंड तेवढं दाखवलं, खालचं बांधूनच ठेवलं.

बाळासो सुपरवायझर म्हणाला, शशिधरनं असं करून ठेवलंय की मशीननं कुणाला विचारायचंच न्हाय, परस्पर कामाला लागायचं. तू आमच्या खोलीवर जेवायला यायचास. जोतीराम तुझ्यासाठी भाकरी बांधून आणायचा.

खरं का खोटं तेवढं कळीव. खोटं असलं तरी तू सुटत न्हाईस. हंबीरकाका बाहेर हाईत आणि त्यांना तुझं गडहिंग्लजचं घर ठावं हाय.

राजवर्धन


गडहिंग्लज
२५ मार्च २०२४

राजवर्धन,

हे अक्षर माझी बहीण प्रेरणा हिचं आहे. ती लिहायला तयार नव्हती. मी सांगेन ते शब्दाला शब्द लिहायचं, मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही, या अटीवर बसली आहे.

बाळासोनं सांगितलं ते खरं आहे. पण तुला ते अर्धवट सांगितलं आहे, म्हणून पूर्ण सांगतो.

लाइनच्या त्या कम्प्युटरवर नवे प्रोग्राम आणायला आणि जुने बदलायला एक साधन असतं. त्याला चित्रं नाहीत की बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, ते काम करतं. आपल्याकडं दर शिफ्टच्या सुरुवातीला ते बघायचं, नवीन काही आलंय का. आलं असेल तर यादी दाखवून थांबायचं आणि विचारायचं, बसवू का, हो की नाही. कुणी काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं तर ते ‘नाही’ धरतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी मुद्दाम तसं ठेवलंय. पण त्याची एक सेटिंगची फाइल असते. तिच्यात एक ओळ घातली की ते विचारायचं सोडून देतं आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर ‘हो’ धरून पुढं जातं. ती ओळ मी अकरा जानेवारीला घातली.

सहा तारखेला, प्रेसला हुकूम देणारा जो प्रोग्राम आहे त्याची नवी आवृत्ती आली. साधनानं ती बसवली आणि प्रोग्राम बंद करून परत चालू केला. चालू होताना तो जागा मोजायला प्रेस एकदा खाली नेतो. ती ओळ नसती तर पडद्यावर प्रश्न येऊन थांबला असता. जोतीरामनं आतलं काम उरकून, बाहेर येऊन मगच त्याला उत्तर दिलं असतं.

हे मी पोलिसांना सांगितलंय. ते लिहून घेणाऱ्याला कळलं नाही, त्यानं ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहिलं.

एकच गोष्ट मला कळत नाही. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या रोज तिचाच विचार केला. जाळीचं दार उघडं असताना प्रेस हलायलाच नको होता. दाराला स्विच आहे, त्यानं वीज तोडायला पाहिजे होती. पंचनाम्यात तो स्विच चांगला चालतो म्हणून लिहिलंय. तू मेंटेनन्सला होतास, तुला काही माहीत असेल तर सांग.

ओळ का घातली ते विचारू नकोस. घातली मी, एवढं तुला पुरे आहे.

मला कुणी मारलं ते मी पोलिसांना नावानिशी सांगितलंय, आणि कोर्टातही तेच सांगणार. तुला वेगळी काही आशा असेल तर सोडून दे.

शशिधर


तुरुंग, कोल्हापूर
१० एप्रिल २०२४

शशिधर,

‘का ते विचारू नकोस’ म्हणजे? माणूस मेलाय आणि तू मला विचारू नको म्हणतोस? आळस केलास का दारू प्यालास, का मालकाला खूश करायला केलंस? तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की घड्यांवर फाटलं. एवढं सगळं समजावून सांगतोस आणि नेमकं तेच गिळतोस.

आणि दाराचं मधेच काय काढलंस? दार ठीक होतं. पोलिसांनी बघितलंय, कागदावर हाय. दाराचा विषय परत काढायचा न्हाय. स्वतःचं पाप दुसऱ्या कशावर तरी ढकलायला तुला दार सापडलं काय?

इथं आमच्या बराकीत चंदगडकडचा एक जण हाय. भाऊ सँडविच झाला म्हणं तुझा, असं हसत म्हणाला. मी त्याचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं. तीनदा. त्याचे पुढचे दात तोटीखालच्या घाणीत पडले. मला आठ दिवस एकट्याला कोंडून घातलं. एकटं असलं की ते पाय दिसतात.

परवा हंबीरकाका मुलाखतीला आलते. आईनं अन्न सोडलंय म्हणाले. पोराचा दिवस घालताना कावळा शिवला न्हाय, म्हणून ती तोंडात घास घेत न्हाय. मग जाळीला तोंड लावून त्यांनी विचारलं, जाऊन येऊ का गडहिंग्लजला. शेजारी शिपाई उभा होता, त्याला काय कळणार. मी मान हलवली.

आता रात्रंदिवस डोळ्याला डोळा न्हाय, म्हणून हे कळवतोय. तुझ्या आईला आणि बहिणीला कुठंतरी पावण्यांच्यात पाठीव. तू थांब.

हे पत्र पण बाहेर जाणाऱ्याच्या खिशातनंच देतोय. कवा पोचंल सांगता येत न्हाय.

राजवर्धन


गडहिंग्लज
३ मे २०२४

राजवर्धन,

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे. शशिअण्णाला माहीत नाही. तो दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडला आहे.

तुझं दहा तारखेचं पत्र आम्हाला एकोणतीसला मिळालं. एक माणूस दारात टाकून पळाला. तोवर तुझे काका येऊन गेले होते. सव्वीस तारखेला.

आमचं पेंडीचं दुकान आहे, मागं घर. संध्याकाळचे सात वाजले असतील. आमचे वडील, शिवमूर्तीअप्पा, फळ्या लावत होते. दोन मोटरसायकलींवरनं चौघं आले. अप्पा म्हणाले, या पावणं, काय देऊ. गिऱ्हाईक वाटलं त्यांना. त्यांनी सरकी पेंडीच्या थप्पीवर पेट्रोल ओतलं आणि काडी टाकली. पेंडीत तेल असतं, ती कशी पेटते तुला माहीत असेल, तुमच्याकडं म्हशी आहेत. अप्पा पोती ओढायला आत शिरले. एकानं त्यांच्या गुडघ्यांवर काठी घातली, ते पेटलेल्या पोत्यांवर पडले आणि वरची थप्पी त्यांच्या पायांवर आली.

तेवढ्यात तुझे काका मागच्या दारानं घरात शिरले. अण्णाच्या हाताला प्लास्टर होतं, डोळ्याला पट्टी. त्याचे केस धरून त्यांनी त्याला खाटेवरनं खाली ओढला आणि फरशीवरनं ओढत दुकानाकडं नेला, आगीकडं. मी त्यांच्या पाठीवर मारत होते, चावत होते, त्यांना त्याचं काही नव्हतं. अव्वानं कोयता आणला. आमची आई, शांतव्वा, पासष्ट वर्षांची आहे, आवाज चढवून बोललेली मी कधी ऐकली नाही. तिनं काही न बोलता ज्या हातात अण्णाचे केस होते त्या हातावर घाव घातला. हात मनगटापाशी लोंबायला लागला, तरी बोटं केसांतच होती. ती मी सोडवली. बाकीचे तिघं काकांना टाकून पळाले. अव्वानं कोयता धुतला, पायरीवर ठेवला आणि पोलिस येईपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिली.

अप्पा पाच दिवस जगले. शेवटच्या दिवशी ते फक्त कानडीत बोलत होते, लहानपणचं काही तरी, विहिरीचं. एक मेला गेले. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्यांचे पाय दुमडेनात. चौघांनी मिळून दुमडले, तेव्हा कसा आवाज झाला ते मी लिहीत नाही. तुला कळेल. तू तसंच काही ऐकलेलं आहेस.

तू मान हलवलीस. शिवमूर्ती नावाच्या माणसानं तुझं काय केलं होतं?

आता तुला जे हवं होतं ते देते. अण्णानं शपथ घातली होती, ती मी मोडते. ओळ का घातली, तर तुझ्या भावानं मागितली म्हणून. अण्णाच्या फोनवर जोतीरामचा आवाज अजून आहे, नऊ जानेवारीचा. मी तो ऐकून जसाच्या तसा लिहिते.

“शशी, ते तुझं साधन दर शिफ्टला विचारत बसतंय, बसवू का, बसवू का. वाळूचे हात घेऊन चाळीस पावलं केबिनपर्यंत जायचं आणि एक अक्षर दाबायचं. तोवर लाइन उभी, बाळासो आयमाय काढतोय. तू कायमचं हो म्हणून ठेव की. मी हाय ना बघायला.”

त्याच्या आधी दोनदा अण्णानं नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा मित्रापुढं नाही म्हणवलं नाही. तो गप्प राहिला ते तुमच्या आईसाठी. आपल्या पोरानं आपलं मरण तोंडानं मागून घेतलं, हे बाळाबाईंच्या कानावर जाऊ नये, एवढ्यासाठी त्यानं बोटं मोडून घेतली, डोळा घालवला आणि तोंड उघडलं नाही.

आता तू गप्प राहा.

प्रेरणा


तुरुंग, कोल्हापूर
२२ मे २०२४

प्रेरणाताई,

गप्प राहा म्हणालात, पण मला एवढं एक पत्र लिहू द्या. हे रीतीनं, साहेबांच्या हातनं येईल. शिक्का बघा. ते वाचूनच पुढं पाठवतात. वाचू देत.

तुमचं पत्र वाचून मी भिंतीवर डोकं आपटलं. कपाळ फुटलं, सात टाके पडले. हे सांगतोय ते तुम्हाला दया यावी म्हणून न्हाय. चंदगडच्या त्या माणसानंच मला मागनं धरलं. ज्याचे दात मी पाडले तोच. आवळून धरून बसला आणि बोबडं बोलत म्हणाला, मर पण आमच्या बराकीत नको. त्यानंतर दोन दिवस मी पाणी सोडून काही घेतलं न्हाय.

शशिदानं दाराचं विचारलं होतं. मी त्याच्यावर ओरडलो. आता सांगतो.

जाळीच्या दाराला स्विच असतो. दार उघडलं की प्रेसची वीज तुटते. वाळूचा धुरळा बसून तो स्विच सारखा अडकायचा, दार बंद असलं तरी लाइन थांबायची. नवीन स्विच मागवला होता, येत नव्हता. जानेवारीच्या शेवटी बाळासो मला म्हणाला, तार टाकून दे की, येईल तेव्हा बदलू. मी वीतभर तांब्याची तार स्विचला जोडली. मग दार उघडं असलं तरी मशीनला ते बंद वाटायचं. पाच मिनिटांचं काम. जोतीरामला मी सांगितलं न्हाय. तो या बाबतीत कडक होता, मला ओरडला असता, आणि आधीच सकाळी आमचं माझ्या गाडीच्या हप्त्यावरनं वाजलं होतं. म्हणलं, सांगू निवांत.

त्यानं दार उघडलं. दार उघडलं की प्रेस मेला, हे त्याला दहा वर्षं ठावं होतं. म्हणून मेन स्विच पाडला न्हाय. त्याचा दारावर विश्वास होता.

मी सगळ्यांच्या आधी पोचलो असं लिहिलं होतं. पोचून मी काय केलं ते लिहिलं न्हाय. पाय हलत होते. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते तार. मी प्रेस वर घ्यायच्या बटणाकडं गेलो न्हाय, दाराकडं गेलो. तार उपटली, खिशात घातली. नंतर बटण दाबलं, तर आता दार उघडं आणि स्विच चालू, म्हणून वीज तुटलेली, प्रेस वर जाईना. दार लावायचं तर मधे त्याचे पाय. ती सात मिनिटं माझ्यामुळं लागली. तार ठेवली असती तर तो एका मिनिटात वर गेला असता. डॉक्टर म्हणाले, तसाही वाचला नसता. डॉक्टरला काय माहीत.

मग अकरा दिवस मी तार खिशात घालून हिंडलो. दिवसाला गेलो, आईशेजारी बसलो, तार खिशात. बाळासोनं शशिदाचं नाव घेतलं तेव्हा मला एवढं हलकं वाटलं की मी रडलो. सळई घेऊन फाट्यावर गेलो त्या दिवशी आधी पंचगंगेच्या पुलावरनं ती तार खाली टाकली.

तुमच्या अप्पांनी माझं काहीच केलं नव्हतं.

राजवर्धन


गडहिंग्लज
१६ जून २०२४

राजवर्धन,

हे मी डाव्या हातानं लिहितो आहे. एका ओळीला फार वेळ लागतो, म्हणून थोडंच लिहीन.

तुझं पत्र प्रेरणानं मला वाचून दाखवलं. अव्वानंही ऐकलं. ती जामिनावर घरी आहे. तिच्यावर केस आहे, तुझ्या काकांवर खुनाची आहे, त्यांचा हात गेला. ऐकून झाल्यावर अव्वा उठून चुलीकडं गेली. मी तुला माफ केलेलं नाही. पुढं करेन असं वाटत नाही. प्रेरणा तर तुझं नावही घेऊ देत नाही.

पण तू सगळं सांगितलंस, तर माझंही राहिलेलं सांगतो. हे प्रेरणालाही माहीत नव्हतं.

त्या फाइलीत एक नाही, दोन ओळी लिहायच्या होत्या. पहिली, उत्तर ‘हो’ धरावं. दुसरी, प्रेसशी बोलणारा प्रोग्राम मात्र यातून वगळावा, त्याला हात लावू नये. त्या साधनात तशी सोय आहे. मला ती तोंडपाठ होती. दुसऱ्या ओळीसाठी प्रोग्रामचं नेमकं नाव बघावं लागणार होतं, दोन-तीन मिनिटं लागली असती. त्या दिवशी अप्पांनी घरी बोलावलं होतं, माझ्यासाठी मुलगी बघायला जायचं होतं, आणि साडेपाचची गडहिंग्लज एसटी चुकली असती. म्हटलं, सोमवारी लिहू. सोमवारी आठवलं नाही. जोतीरामनं फक्त कायमचं हो मागितलं होतं. बाकीचं मला कळत होतं, त्याला नाही. त्याची चूक झाली असं प्रेरणानं लिहिलं, ते तू मनात धरू नकोस.

मी मार्चमध्येच तुला कारण सांगितलं असतं, तर तू मान हलवली नसतीस असं आता मला वाटतं. तुझ्या आईला एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी गप्प बसलो आणि माझे वडील पोत्यांखाली गेले. आता मी काहीच लपवणार नाही. दोन्ही ओळी, जोतीरामचा आवाज, एसटी, सगळं लिहून मी कारखाना निरीक्षकांना देणार आहे. माझ्यावर काय व्हायचं ते होऊ दे.

तू तारेचं लिहून दे. मला लिहून उपयोग नाही, कोर्टाला लिहून दे, बाळासोच्या नावासह.

मी एक जुलैपर्यंत थांबतो. त्याच्या आधी तू तुझ्या आईला सांग. पेपरात वाचून तिला कळू नये. जोतीरामनं काय मागितलं होतं तेही तूच सांग.

मला पुन्हा पत्र पाठवलंस तर ते फक्त एवढं कळवायला पाठव, की सांगितलंस.

शशिधर


तुरुंग, कोल्हापूर
११ ऑगस्ट २०२४

शशिदा,

सांगितलं. उशीर झाला, त्याचं कारण लिहितो.

अर्ज मी सत्तावीस जूनलाच दिला. तुरुंगाधिकाऱ्यांपुढं बसून लिहिला, तारेचा, बाळासोचा आणि मान हलवल्याचा. वकिलानं वकीलपत्र सोडलं. बाळासोला धरून नेलं, त्यानं मी असं कधी म्हणालोच न्हाय असं सांगितलं आणि चार दिवसांत तो सुटला. माझ्यावर दोन कलमं वाढली. तुमच्यावर पण कलम लागलंय असं इथल्या शिपायानं सांगितलं. काका मला भेटायला निरोप धाडतात, मी जात न्हाय. ते पलीकडच्या बराकीत हाईत, सकाळी हजेरीला एका हातानं पांघरुणाची घडी घालताना दिसतात.

आईला मी जूनमध्येच निरोप पाठवला होता, ये म्हणून. तिला ताप होता. मग राधानगरीकडं पाऊस इतका लागला की आमच्या गावाचा रस्ता पंधरा दिवस पाण्याखाली होता. तुम्ही एक जुलै म्हणाला होतात, पण आमच्या गावात पेपर येत न्हाय, म्हणून मी धीर धरला. दुसऱ्या कुणी तिला सांगितलं नव्हतं. गावात कुणाची छाती झाली न्हाय.

परवा शुक्रवारी आली. दोन एसट्या बदलून, एकटी. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मधे जाळी असते, पलीकडं ती स्टुलावर बसली. मुलाखत वीस मिनिटांची. तिनं आधी माझ्या कपाळावरची खूण बघितली, विचारलं न्हाय. म्हशीला रेडी झाल्याचं सांगितलं. मग म्हणाली, कशाला बोलावलंस.

मी आधी जोतीरामचं सांगितलं, त्यानं तुमच्याकडं काय मागितलं होतं ते. ती म्हणाली, त्याला चालत जायचा कंटाळा लहानपणापासनंच. तिनं तेवढंच म्हटलं. मला वाटलं होतं त्यानं ती मोडंल, तशी मोडली न्हाय. तुम्ही सगळं उगाच सोसलंत, शशिदा. ती ऐकू शकत होती.

मग मी तारेचं सांगितलं. कवा लावली, का लावली. पोचल्यावर आधी काय केलं, ते पण. ते सांगताना मी तिच्याकडं बघितलं न्हाय, जाळीच्या गंजाकडं बघून बोललो. पुलावरनं तार टाकली इथपर्यंत सगळं बोललो. मग तुमच्या अप्पांचं. बोलून झालं. मी वर बघितलं. ती मला बघत होती, जसं बाजारात ओळखीचं वाटणाऱ्या पण नाव न आठवणाऱ्या माणसाकडं बघतात तसं.

तिनं विचारलं, “जोतीला कळलं का रे? तार तू लावलीस ते?”

मी न्हाय म्हणालो. त्याला कायच कळलं नसंल.

“बरं झालं,” ती म्हणाली.

मग उठली, पिशवी काखेला मारली आणि दाराकडं गेली. शिपाई तिला म्हणाला, आज्जी, अजून वेळ हाय, बसा. ती थांबली न्हाय. अकरा मिनिटं शिल्लक होती. माझा नंबर परत पुकारेपर्यंत मी त्या रिकाम्या स्टुलासमोर बसून होतो.

राजवर्धन